अर्धा आटा

फळीवर उजवा पाय ठेवला, टाचेवर भार दिला, आणि फळी जराही झुकली नाही.

“काय झालं?” रणजितनं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

“काही नाही.”

“परत?”

“परत.”

माझा नवरा तेवढं ऐकून पेपरात आणखी खोल शिरला. बायको आणि वडील यांच्या मधे काही चाललंय असं दिसलं की त्याला अचानक बाजारभावांत रस वाटू लागायचा. मी मुकाट्यानं फळी उलटी केली, खिशातला पाना काढला आणि दोन्ही नट अर्धा अर्धा आटा ढिले केले. स्वयंपाकघरात तात्या, म्हणजे माझे सासरे, बशीतून चहा पीत होते. त्यांनी खिडकीतून पाहिलं. मीही पाहिलं. तो चहा त्यांना त्या दिवशी फार गरम लागत असावा, कारण बराच वेळ ते फुंकरच मारत बसले होते.

लग्न होऊन मी पुण्याहून साताऱ्याला आले तेव्हा माझ्याबरोबर इतर सगळ्या सामानासारखीच ही फळीही, म्हणजे माझा स्केटबोर्ड, आली होती. बघण्याच्या कार्यक्रमातच मी ती गोष्ट सांगून टाकली होती. सासूबाईंना वाटलं मुलगी घसरगुंडीबद्दल बोलतेय, त्यांनी कौतुकानं मान हलवली. खरा प्रकार काय तो त्यांना मांडव परतल्यावर कळला.

तात्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात फळी मागून घेतली. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून घरातला एकही बिजागरी, नळ किंवा पंखा त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही की ते गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत आणि कुणाचा क्लच गेलाय ते आम्हाला सांगत. ऐकायला कुणी थांबत नसे.

त्यांनी फळी उलटी करून चष्मा पुसला. मी समजावून सांगितलं. फळीखाली पुढं एक आणि मागं एक असे दोन धातूचे सांगाडे असतात, चाकं त्यांनाच बसवलेली असतात. त्या सांगाड्यांना ट्रक म्हणतात.

“ह्याला ट्रक म्हणतात?” तात्या म्हणाले. “मग एसटीला काय जहाज म्हणायचं?”

ट्रकच्या मधोमध एक जाड बोल्ट असतो, त्यावर रबरी बुश, आणि सगळं दाबून धरणारा एक नट. नट जरा ढिला असला की अंग झुकेल तिकडं फळी वळते. आवळला की फळी नाकासमोर जाते आणि कुणाचं ऐकत नाही. मला ढिला नट आवडायचा. तात्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नटाला बोट लावून एकच वाक्य बोलले.

“ढिला नट म्हणजे अपघात.”

तेव्हा मी हसले होते. पुढं दिवाळीत आमच्या कॉलनीच्या उतारावर मी आपटले आणि मनगट मोडून घेतलं, तेव्हा मात्र हसायची सोय राहिली नाही. प्लास्टर निघेपर्यंत सासूबाई माझी वेणी घालायच्या, आणि वेणी घालता घालता फळीबद्दलची मतं सांगायच्या. त्यांच्या मतांचा जोर माझ्या केसांना कळायचा. तात्या काहीच बोलले नाहीत. फक्त प्लास्टर निघालं आणि मी पुन्हा फळी बाहेर काढली, तर नट आवळलेला.

तिथून आमची लढाई सुरू झाली. मी संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला गेले की तात्या नट आवळायचे. सकाळी मी ढिला करायची. ते अर्धा आटा पुढं, मी अर्धा आटा मागं. तोंडातून चकार शब्द नाही. जेवताना एकमेकांना भाजी वाढायचो, पावसापाण्याच्या गप्पा मारायचो, आणि नटाचा विषय निघालाच तर तो टीव्हीतल्या बातम्यांएवढाच आमच्यापासून लांबचा असल्यासारखं वागायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याला माझी फळी पसंत नाही. तोंडानं सांगायचं धाडस नाही म्हणून पान्यानं सांगतात. मनातून रागच यायचा.

एकदा तर त्यांनी हद्द केली. चाकांमधल्या आठही बेअरिंगांत एसटीला घालतात ते घट्ट ग्रीस ठासून भरलं. चाक बोटानं फिरवलं की अर्ध्यात थांबायचं, जणू त्याला पुढचा रस्ता आठवेनासा झालाय. मी बेअरिंगं काढून, सासूबाईंच्या स्टीलच्या वाटीत रॉकेल ओतून ती धुतली आणि शिवणाच्या मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडलं. तात्या मागं येऊन उभे राहिले.

“एवढंसं तेल? ह्यात माशी भिजायची न्हाई.”

“एवढंच लागतं, तात्या.”

“बेअरिंगं बोंबलतील.”

“फिरतील.”

“आणि ती वाटी?” सासूबाई दारातून म्हणाल्या. “ती कुठं फिरवायची आता?”

वाटी बाद झाली. पण चाक फिरवलं तर ते फिरतच राहिलं, तात्या बराच वेळ त्याच्याकडं पाहत उभे होते. दुसऱ्या दिवशी चाकांवर खडूनं खुणा दिसल्या. पुढचं डावं मागं उजवीकडं, मागचं उजवं पुढं डावीकडं, अशी त्यांनी चाकं अदलून बदलून लावली होती, सगळी सारखी झिजावीत म्हणून. ते अगदी बरोबर होतं, मीही तसंच करायची. त्या एका बाबतीत आमचं एकमत झालं. नट मात्र संध्याकाळी पुन्हा आवळला गेला.

अशात ती शाळेची गोष्ट निघाली. वाईच्या रस्त्याला एका निवासी शाळेत स्केटिंग शिकवायला माणूस हवा होता. मी अर्ज केला आणि मुख्याध्यापिका प्रभुणे मॅडमनी बोलावलं, पण येऊन मुलांसमोर करून दाखवा म्हणाल्या. मी आनंदानं घरात नाचले. सासूबाईंनी मला शांतपणे खाली बसवलं.

“हे बघ, केतकी. मोडलेला हात मी सांभाळला. पुन्हा सांभाळायची ताकद माझ्यात न्हाई. ती नोकरी मिळाली तर तुझी फळी आणि तू. न्हाई मिळाली तर फळी माळ्यावर, आणि तू बी.एड.ला. आहे कबूल?”

रणजितनं पेपर शोधायला सुरुवात केली. पेपर त्याच्या हातातच होता.

“कबूल,” मी म्हटलं. म्हणायला सोपं होतं. पण लगेच सासूबाई स्टूल घेऊन माळ्यावर जागा करायला चढल्या आणि त्यांनी लग्नातली दोन पातेली एका बाजूला सारून फळीच्या मापाची मोकळी जागा मला वरूनच दाखवली. फळी म्हणजे काय होती माझी? त्या गावात मला कुणाची सून म्हणून न ओळखता ओळखणारी ती एकच वस्तू होती. ती पातेल्यांशेजारी जाऊन पडायची या कल्पनेनं मला रडू आलं आणि मी ते कांदा चिरण्यावर ढकललं.

जायच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर फळी देवघरासमोर पाटावर. सासूबाईंनी तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, अक्षता वाहिल्या होत्या आणि फळीला औक्षण चाललं होतं. माळ्यावर जागा करणारी बाई तीच आणि निरांजन ओवाळणारीही तीच. मला भरून आलं. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीनं फळी जमिनीवर ठेवून पाय उचलला.

“हां! पाय लावू नकोस!”

“अहो आई, पायच लावतात तिला.”

“शाळेत जाऊन लाव. पूजा केलेल्या वस्तूला घरात पाय? काम सुरू होईस्तोवर न्हाई लावायचा.”

रोज सकाळी मी फळीवर उभी राहून, झुकून बघायची, मगच बाहेर पडायची. त्या दिवशी ते राहिलं. म्हटलं, तपासायचं काय त्यात? संध्याकाळी तात्यांनी आवळलेला असणार, आपण ढिला करायचा. पाना घेतला आणि रोजच्या सवयीनं दोन्ही नट अर्धा अर्धा आटा सोडले. नट लोण्यासारखे फिरले. मला वाटलं, सासूबाईंच्या औक्षणाचा गुण.

“मी येतो बरोबर,” तात्या चपला घालत म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात पाना.

“तुम्ही कशाला, तात्या?”

“उतार कसा हाय ते बघतो.”

झालं! आता हा माणूस तिथं येऊनही नटाला हात लावणार. बसमध्ये फळी त्यांनी आपल्याच मांडीवर घेतली. कंडक्टर ओळखीचा निघाला.

“काय हो तात्या, हे काय नवीन?”

“सुनेची गाडी,” तात्या म्हणाले. इतकंच. पण ते फळी म्हणाले नाहीत, गाडी म्हणाले, हे माझ्या कानांनी टिपलं. मी मात्र पान्यावरच नजर ठेवून होते. तो अजून खिशात होता.

प्रभुणे मॅडम उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाजात घंटा बसवलेली. त्यांनी आधी आम्हाला सामानाच्या खोलीकडं नेलं. कुणा हौशी विश्वस्तानं शाळेला स्केटबोर्डांचा ढीगच्या ढीग भेट दिला होता. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिथंच पडून गंजले होते. एकाचंही चाक फिरत नव्हतं. तीनचार फळ्यांची चाकं काढून चित्रकलेच्या सरांनी त्यावर वारली नाच रंगवला होता.

तात्या दारातच थबकले. त्यांनी एक बोर्ड उचलला, चाकाला अंगठा लावला, चाक कर्र करून जागीच राहिलं. मेलेल्या माणसाच्या घरी गेल्यावर करतात तसा चेहरा त्यांनी केला.

“हे काय केलं हो ह्यांचं?”

“नंतर बघू,” मॅडम म्हणाल्या. “मुलं थांबली आहेत.”

ऑफिसपासून मैदानापर्यंत सिमेंटचा लांब उतार होता. मी त्यावर शाळेच्या कुंड्या ओळीनं मांडल्या. त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली जायचं, एवढंच दाखवायचं होतं. हे मी डोळे मिटून करते. दोन्ही बाजूंना मुलं बसली, शिक्षक उभे राहिले. तात्या खाली, उताराच्या शेवटी, हात मागं बांधून. मी कुर्त्याच्या बाह्या सारल्या. सासूबाईंच्या स्वस्तिकावर अखेर पाय ठेवला आणि सुटले.

पहिल्या कुंडीला फळी वळली. जरा जास्तच वळली. मी सावरले. दुसऱ्या कुंडीला मी नुसता टाचेचा विचार केला आणि फळी आडवी झाली, इतकी की खालचं चाक वर येऊन फळीलाच घासलं. चाक थांबलं, फळी थांबली, मी थांबले नाही. तिसरी कुंडी मी हवेतून ओलांडली. चौथीच्या पलीकडं माळ्यानं बागेसाठी आणलेलं शेणखत होतं. मी त्यात छातीपर्यंत गेले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं.

मी उठले तेव्हा डोळ्यांसमोर पातेल्यांशेजारची ती मोकळी जागा उभी होती, आणि तात्या धावत येत होते. त्या वयातला माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता.

“हात बघू! हात! मनगट हलव!”

“हात ठीक आहे.” मी फळी उचलली, नटाला बोट लावलं. नट दोन बोटांनी फिरला. बोल्टच्या टोकाशी येऊन जेमतेम लटकत होता. माझं डोकंच फिरलं. “तात्या, काय केलंत तुम्ही नटाला?”

“मी? मी कुठं काय? तू काय केलंस?”

“मी रोज करते तेच! तुम्ही रात्री आवळता, मी सकाळी ढिला करते! अर्धा आटा!”

तात्या खाली बसले, सिमेंटवर, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

“काल न्हाई आवळला,” ते म्हणाले.

“मग?”

“ढिला केला. एक आटा.”

“का?”

“तुला वळायला लागतं म्हणून!” ते एकदम ओरडले. “परवा दिवा लावल्यावर तू परत कॉलनीत सरावाला गेलीस. मी आवळलेला होता, तू घाईत तशीच गेलीस. फळी वळंना. सरळ भिंतीकडं निघाली, तू उडी मारली म्हणून वाचलीस. मी गॅलरीतून बघत होतो. पडू नयेस म्हणून आवळत होतो गं मी, दिवाळीपासून. आणि त्यानंच पडणार होतीस. म्हटलं, शाळेत जायचं हाय, आज आपणच पोरीला पाहिजे तसा करून द्यावा. तू रोजच्यासारखी झुकून बघशील, तेव्हा कळंलच.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“तू कधी सांगितलंस, सकाळी ढिला करते म्हणून?”

दिवाळीपासून रोज मनातल्या मनात ज्यांच्याशी मी भांडत होते, ते माझ्या मनगटासाठी भांडत होते. मला रडू आलं, आणि शेण लागलेल्या हातानं डोळे पुसायची सोय नव्हती. तात्यांनी वरच्या खिशातला पाना काढून माझ्यापुढं धरला.

“तूच सांग, किती आवळू?”

“एक.”

“एक? परत भिंतीत जाशील. पाऊण.”

“मागचा पाऊण, पुढचा एक. पुढचा जास्त ढिला राहून चालत नाही.”

“आता शहाणी झालीस. आणि हे रबर बघ, एका बाजूनं चेपलंय. उलटं घालू का?”

“घाला. वायसर खाली जाऊ द्या आधी.”

“मला वायसर शिकवतेस?”

“तुम्ही मला ग्रीस शिकवलंत ते विसरले नाही मी.”

“ते बरोबरच होतं!”

“ते चूक होतं, तात्या! ठार चूक!”

भांडता भांडता मुलं ओळी मोडून आमच्याभोवती केव्हा जमली ते कळलं नाही. एकानं बुश धरला होता, एकीनं नट मुठीत सांभाळला होता. बेअरिंग हातात घेऊन कुणी कानाशी फिरवत होतं. प्रभुणे मॅडम त्या घोळक्याच्या मागं उभ्या होत्या.

“तुम्ही दोघं रोज असे भांडता का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” मी म्हटलं. “आज पहिल्यांदाच.”

मी फळी घेऊन पुन्हा वर गेले. या वेळी सुटण्याआधी दोन्ही पाय देऊन, झुकून पाहिलं. खाली उभ्या तात्यांकडं बघितलं. त्यांनी डाव्या हाताची मूठ वर केली, डेपोतून बस सोडताना करत असतील तशी. सगळ्या कुंड्यांमधून मी वळत वळत खाली आले, अंगाला शेणखताचा वास, आणि त्यांच्या पायाशी येऊन थांबले. तात्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते खाली वाकून नट बघत होते.

ऑफिसात मॅडमनी मला खुर्ची दिली, पण आधी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं.

“तुमचे मेकॅनिक रोज येतील ना?”

“ते माझे सासरे आहेत.”

“ते मी विचारलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्या खोलीतला ढीग तुम्ही पाहिलात. शिकवणारा माणूस मला कुठूनही मिळेल. ती चाकं फिरली नाहीत तर त्यानं शिकवायचं कशावर? दोघं येणार असाल तर सोमवारपासून या.”

मी तात्यांकडं पाहिलं. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कुणीतरी कामाला बोलावत होतं. त्यांनी कॉलर सारखी केली, आणि लगेच होकार देणं बरं दिसत नाही म्हणून थोडा वेळ छताकडं पाहिलं.

“बाजाराच्या दिवशी न्हाई जमायचं,” ते म्हणाले. “मंडळी एकट्या पिशव्या उचलत न्हाईत. आणि ग्रीसचा डबा शाळेनं द्यायचा.”

“ग्रीस नको!” मी ओरडले.

घरी आलो तर सासूबाई दारातच. त्यांनी आधी वास घेतला, मग माझी दोन्ही मनगटं दाबून पाहिली, मग विचारलं, “मिळाली?”

“दोघांना,” तात्या म्हणाले.

त्या काही वेळ आमच्याकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या, स्टूलावर चढल्या, आणि पातेली होती तिथं सरकवून ठेवली.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला. नटाला ज्यानं हात लावला त्यानं मोठ्यानं सांगायचं, किती आणि कुठं. पुढं कितीतरी वर्षं शाळेच्या त्या खोलीतून सारखे आवाज यायचे, पुढचा पाव आवळला, मागचा अर्धा सोडला. मुलंही तसंच ओरडायला शिकली. चित्रकलेच्या सरांनी मात्र वारलीच्या फळ्या अखेरपर्यंत परत दिल्या नाहीत.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. शाळेत मी एकटीच जाते. तात्यांचे गुडघे गेले आणि रणजितनं त्यांना चार चाकांचा वॉकर आणला, हाताशी सायकलसारखे ब्रेक असलेला. पहिल्याच दिवशी तात्यांनी तो उलटा करून बघितला, चाकांत मशीनचं पातळ तेल सोडलं, आणि ब्रेकची तार ढिली केली. फार अडतो म्हणाले. तेव्हापासून वॉकर गॅलरीतून जिन्याकडं असा सुसाट सुटतो की सासूबाई डोळे मिटून घेतात. रोज संध्याकाळी मी पाना घेऊन ब्रेक आवळते आणि सांगते. रोज सकाळी ते ढिला करतात आणि सांगतात. नियम म्हणजे नियम.

काल संध्याकाळी मी पाना लावला तर ब्रेक आधीच आवळलेला होता. चांगला घट्ट. चाक हलेना.

“तात्या,” मी आत हाक मारली, “ब्रेकला हात लावलात?”

“लावला. एक आटा आवळला.” आवाज पलंगावरून आला. “जिन्याशी जरा भ्या वाटायला लागलंय.”

त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. स्वतःसाठी त्यांनी कधी काही आवळलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. पाना हातात घेऊन मी तिथंच बसले. मग वॉकर आडवा केला, तारेचा नट धरला आणि अगदी हलक्या हातानं फिरवला. उभा करून, भार देऊन, पुढंमागं झुकून पाहिलं. चाक फिरत होतं, आणि धरलं की थांबत होतं.

“तात्या,” मी मोठ्यानं म्हटलं, “पाव ढिला केलाय. उद्या जिन्यापर्यंत मी बरोबर येते.”

आतून पलंग करकरला.

“पावच ना?”

“पावच.”

“मग ठीक हाय,” तात्या म्हणाले.